सहल समित्यांनो, एकदा बस समनरला वळवा

प्रति,
सहल समित्यांचे कार्यकर्ते,
उत्तर अमेरिकेतील समस्त मराठी मंडळे

सप्रेम नमस्कार.

मी मेम्फिसला राहतो. त्यामुळे दरवर्षी आपल्यापैकी कुठल्या ना कुठल्या मंडळाची बस आमच्या गावातून जाते आणि कोणीतरी ओळखीचं निघतं. कार्यक्रम मला आता पाठ झाला आहे. सकाळी गायक एल्व्हिस प्रेस्लीचं घर ग्रेसलँड, दुपारी बील स्ट्रीट, वेळ उरलाच तर लॉरेन मोटेल, जिथे मार्टिन ल्यूथर किंग यांना गोळी लागली. मग रात्रीचा मुक्काम आणि दुसऱ्या दिवशी थेट न्यू ऑर्लिन्स. मधला अख्खा मिसिसिपी लोक बसमध्ये झोपून आणि अंताक्षरीत काढतात.

या झोपेच्या टप्प्यातले दोन-तीन तास मला हवे आहेत. हायवे ६१ ने दक्षिणेला निघायचं, क्लार्क्सडेलला ४९ धरायचा आणि टटवायलर ओलांडलं की समनर. मेम्फिसपासून दीड-पावणेदोन तास. तीनशेच्या आसपास वस्ती, एक चौक, मागून वाहणारा कॅसिडी बायू नावाचा संथ ओहोळ, आणि चौकात गावाच्या मानाने फारच दांडगी वाटणारी, मनोऱ्याची, लाल विटांची इमारत. ते टॅलाहॅची काउंटीचं कोर्ट. एमेट टिल या चौदा वर्षांच्या काळ्या मुलाच्या खुनाचा खटला १९५५ मध्ये इथे चालला. ते बघायला चला, एवढंच माझं मागणं आहे. पण समितीच्या बैठकीत यावर काय काय निघेल ते मला माहीत आहे, म्हणून पत्र जरा लांबणार.

आधी इमारतीचं. टॅलाहॅची काउंटी १८३३ सालची. आजही काउंटीची लोकसंख्या जेमतेम बारा-साडेबारा हजार, पण तिला मुख्यालयं दोन: टॅलाहॅची नदीच्या पूर्वेला चार्ल्सटन, पश्चिमेला समनर. रस्ते आणि पूल धड नव्हते तेव्हा ही सोय होती. पुढे सवय झाली आणि मग प्रतिष्ठा. (आपल्याकडे जिल्ह्याचं ठिकाण कुठे असावं यावरून किती बंद पाळले गेलेत ते आठवा, म्हणजे यात नवल वाटणार नाही.) समनरचं पहिलं कोर्ट जळालं, आणि १९०९-१० च्या सुमाराला आजची इमारत उभी राहिली. जाड भिंती, कमानी, कोपऱ्यावर मनोरा. वकील, कारकून, जमिनीचे दस्त, कापसाच्या उधारीचे दावे, यांच्यावर गाव जगलं. १९१३ मध्ये कोर्टाच्या आवारात यादवी युद्धात गुलामगिरी टिकवायला लढलेल्या दक्षिणेच्या सैनिकांचा पुतळा बसवला गेला. आत न्याय मागायला येणाऱ्या काळ्या माणसाला आधी त्या पुतळ्याखालून जावं लागे.

या कोर्टाचं नाव जगभर गेलं ते १९५५ च्या सप्टेंबरातल्या पाच दिवसांमुळे.

एमेट टिल हा शिकागोचा चौदा वर्षांचा मुलगा. सुट्टीत मनी नावाच्या खेड्यात आईच्या मावशीच्या यजमानांकडे, मोझेस राइट यांच्याकडे आला होता. २४ ऑगस्टला तो तिथल्या किराणा दुकानात गेला. दुकानातल्या गोऱ्या बाईशी त्याने आगळीक केली असा बोभाटा झाला. २८ तारखेला उत्तररात्री बाईचा नवरा रॉय ब्रायंट आणि त्याचा सावत्रभाऊ जे. डब्ल्यू. मायलम यांनी मुलाला घरातून उचलून नेलं. तीन दिवसांनी प्रेत टॅलाहॅची नदीत सापडलं. गळ्यात काटेरी तारेने बांधलेला, कापसाच्या जिनिंगमधला सुमारे ३४ किलोचा लोखंडी पंखा. दुकान आणि घर शेजारच्या लफ्लोर काउंटीतलं. पण प्रेत टॅलाहॅचीच्या हद्दीत मिळालं, म्हणून खुनाचा खटला समनरला आला. काउंटीच्या हद्दीची एक रेघ, आणि हे गाव इतिहासात ओढलं गेलं.

आई मेमी टिल यांनी शिकागोत शवपेटी उघडी ठेवायला लावली. माझ्या मुलाचं काय केलं ते जगाला दिसू दे, असं त्या म्हणाल्या. हजारोंनी ते दर्शन घेतलं, ‘जेट’ मासिकाने छायाचित्र छापलं, आणि देशभरचे वार्ताहर समनरला धडकले. गावाच्या वेशीवर तेव्हा पाटी होती: मुलगा वाढवायला चांगलं गाव. पत्रकारांनी अर्थातच ती टिपली.

कोर्ट दुसऱ्या मजल्यावर आहे. जिना चढून आत गेलात की समोर न्यायाधीशांची उंच बैठक, डावी-उजवीकडे वकिलांची टेबलं, ज्यूरीच्या बारा खुर्च्या, वर पंखे, आणि उंच खिडक्या. दालन मोठं नाही. मागच्या बाकावर बसलं तरी साक्षीदाराचा चेहरा स्पष्ट दिसेल एवढंच. एकदा त्या बाकावर बसून बघा, कारण अंतराचा अंदाज छायाचित्रांतून येत नाही. साक्षीच्या खुर्चीतला माणूस आणि आरोपी यांच्यात काही पावलांचंच अंतर. मोझेस राइट ६४ वर्षांचे, कुळाने शेती करणारे. त्यांना विचारलं, त्या रात्री तुमच्या दाराशी कोण आलं होतं? ते उठून उभे राहिले आणि भर कोर्टात मायलमकडे बोट दाखवलं. त्या काळच्या मिसिसिपीत काळ्या माणसाने गोऱ्यावर उघड खुनाचा आरोप करणं म्हणजे काय, हे त्या दालनातल्या प्रत्येकाला कळत होतं. साक्ष संपल्यावर त्यांना मिसिसिपी कायमचं सोडावं लागलं. अठरा वर्षांच्या विली रीडनेही साक्ष दिली, कोठारातून मारहाणीचे आवाज ऐकले असं सांगितलं, आणि तोही शिकागोला पळाला.

राइट बोट दाखवतानाचं छायाचित्र अर्नेस्ट विदर्स यांचं आहे. कोर्टात फोटो काढायला मनाई असताना काढलेलं. विदर्स आमच्या मेम्फिसचे, बील स्ट्रीटवर त्यांच्या छायाचित्रांचं संग्रहालय आहे, म्हणजे तुमची मंडळी त्याच्या दारावरून आइस्क्रीम खात जातात. (हेच विदर्स पुढे एफबीआयला आंदोलकांच्या बातम्या पुरवत होते, हे २०१० मध्ये बाहेर आलं. माणसं सरळसोट नसतात.)

काळ्या पत्रकारांना कोर्टात एका बाजूला पत्ते खेळायच्या टेबलाएवढं टेबल दिलं होतं. मिशिगनहून आलेले चार्ल्स डिग्ज हे अमेरिकन काँग्रेसचे निवडून आलेले सदस्य, पण काळे, म्हणून त्यांनाही याच टेबलापाशी जागा. शेरीफ स्ट्रायडर रोज त्या टेबलाला शिवी देऊन ‘गुड मॉर्निंग’ करायचे. याच शेरीफने बचावाच्या बाजूने साक्ष दिली की प्रेत इतकं खराब होतं की ते एमेटचं आहे असं सांगता येणार नाही. ज्याने तपास करायचा, तोच आरोपींचा साक्षीदार! गावात वकील पाच, आणि पाचही आरोपींच्या बाजूने उभे. त्यांच्या खर्चासाठी दुकानांच्या गल्ल्यांवर बरण्या ठेवलेल्या. न्यायाधीश कर्टिस स्वँगो यांच्याबद्दल मात्र बाहेरून आलेल्या पत्रकारांनीही बरंच लिहिलं आहे, की माणसाने कोर्ट नीट चालवलं. सरकारी वकिलांनीही कसूर केली नाही. तरी निकाल व्हायचा तोच झाला.

कारण ज्यूरी. बारा गोरे पुरुष. ज्यूरीत नाव यायला मतदार असावं लागे, आणि काउंटीत काळे लोक बहुसंख्य असूनही त्यांच्यापैकी एकाचंही नाव मतदारयादीत नव्हतं. बायकांना तर मिसिसिपीने १९६८ पर्यंत ज्यूरीत घेतलंच नाही. ६७ मिनिटांत ‘निर्दोष’. एक ज्यूरर नंतर म्हणाला की मध्ये सोडा प्यायला थांबलो नसतो तर एवढाही वेळ लागला नसता.

आपल्याला ज्यूरी म्हटलं की नानावटी आठवतो. त्या खटल्यात मुंबईच्या ज्यूरीने आठ विरुद्ध एक असं निर्दोष ठरवलं, पण न्यायाधीशांना ते पटलं नाही, त्यांनी प्रकरण हायकोर्टाकडे पाठवलं आणि तिथे शिक्षा झाली. मिसिसिपीत ही वाटच नव्हती. ज्यूरीने एकदा सोडलं की सुटला. त्याच गुन्ह्यासाठी पुन्हा खटला नाही. म्हणूनच चार महिन्यांत, जानेवारी १९५६ मध्ये, ब्रायंट आणि मायलम या दोघांनी ‘लुक’ मासिकाला पैसे घेऊन सांगितलं की होय, आम्हीच मारलं. कोणी काही करू शकलं नाही. अपहरणाचा निराळा खटला लफ्लोर काउंटीत होऊ शकला असता, पण खटला भरायचा की नाही ते ठरवणाऱ्या तिथल्या ग्रँड ज्यूरीने तो उभाच राहू दिला नव्हता.

इथपर्यंतची गोष्ट तुमच्यापैकी अनेकांना ठाऊक असेल. मला खरी सांगायची आहे ती पुढची, इमारतीची गोष्ट, कारण ती कोणी सांगत नाही.

खटल्यानंतर पन्नास वर्षं समनरने त्या पाच दिवसांचं नाव काढलं नाही. कोर्टावर पाटी नाही, शाळेत धडा नाही. मध्यंतरी इमारतीची दुरुस्ती झाली तेव्हा आतलं रूपही बदलून टाकलं. खटल्याचं सरकारी टिपण गहाळ झालं. २००४ मध्ये एफबीआयने प्रकरण पुन्हा उघडलं तेव्हा शोधाशोध करून एक पुसट प्रत हाती लागली. मुद्दाम पुसलं असं मी म्हणत नाही. लहान गावात पुसावं लागत नाही, विषय काढला नाही की पुरतं.

मग छत गळायला लागलं. कापसाच्या शेतीत यंत्रं आली तशी गावं रिकामी झाली, काउंटीकडे पैसा राहिला नाही, आणि दोन-दोन कोर्टं पोसायची कशाला असा प्रश्न येणार हे दिसत होतं. कोर्ट गेलं तर समनर गेलं, हे गावातले गोरे वकील-दुकानदार ओळखून होते. दुसरीकडे काउंटीचा कारभार पाहणाऱ्या सुपरवायझर मंडळावर जेरोम लिटल हे पहिले काळे अध्यक्ष आले होते आणि त्यांना टिलचं स्मारक हवं होतं. २००६ मध्ये त्यांनी एमेट टिल स्मारक आयोग स्थापला: नऊ काळे, नऊ गोरे. यातल्या बेटी पिअर्सन या गोऱ्या जमीनदारीण बाई. १९५५ साली त्यांनी स्वतः कोर्टात बसून खटला पाहिला होता. एकाला छप्पर वाचवायचं होतं, दुसऱ्याला आठवण. टिलच्या नावाने निधी मिळू शकत होता, नुसत्या गळक्या छपराच्या नावाने नाही. दोघांचं जमलं.

हे ऐकून काहींना वाटतं की मग यात पश्चात्ताप कुठे आला, हा तर व्यवहार. असेल. मला तो व्यवहार फार आवडतो. मनातून पश्चात्ताप होईपर्यंत थांबले असते तर इमारत केव्हाच पडली असती. २ ऑक्टोबर २००७ रोजी कोर्टासमोर टिलच्या नातलगांच्या देखत ठराव वाचला गेला: या खटल्यात न्यायाचा घोर विपर्यास झाला, या काउंटीत तुमच्या जिवलगाचं जे झालं त्याबद्दल आम्हाला मनापासून दुःख आहे. सह्या करणाऱ्यांत त्याच गावची माणसं. त्यातल्या प्रत्येकाच्या मनात काय होतं ते तपासायला मी जात नाही. कागदावर काय आहे ते पुरे आहे.

त्यानंतर कोर्टाचं दालन पुन्हा १९५५ सारखं करायला घेतलं आणि २०१५ पर्यंत ते झालं. इथे जरा थांबा. जुन्या इमारतीचं जतन करताना सगळे तिच्या वैभवाचं वर्ष निवडतात. उद्घाटनाचं, राजाच्या भेटीचं, गेला बाजार स्वातंत्र्याचं. या काउंटीने आपल्या इमारतीच्या शंभरेक वर्षांच्या आयुष्यातलं सर्वांत लाजिरवाणं वर्ष निवडलं आणि लाकूडकाम त्या वर्षाबरहुकूम करून घेतलं. आणि तिथे संग्रहालय केलं नाही. आजही ते चालू कोर्ट आहे. तिथे पुकारा होतो, जामीन होतात, ज्यूरी बसते. ज्यांना १९५५ मध्ये त्या खुर्च्यांत बसायचा हक्क नव्हता त्यांची नातवंडं आज ज्यूरीचं समन्स आलं म्हणून कुरकुरत जिना चढतात.

उलट बघायचं असेल तर पुढे मनीला जा, अर्ध्या-पाऊण तासावर आहे. ज्या दुकानापासून सगळं सुरू झालं ते खासगी मालकीचं; भिंती पडल्या आहेत, वेलींनी धरून ठेवल्या आहेत म्हणून उभ्या. शेजारचा जुना पेट्रोल पंप मात्र सरकारी अनुदानातून चकचकीत झाला आहे. नदीकाठी, जिथे प्रेत मिळालं असं मानतात तिथे, २००८ मध्ये पाटी लावली. ती चोरीला गेली. दुसरी गोळ्यांनी चाळण झाली. तिसरीही तशीच. शेवटी २०१९ मध्ये २२५ किलोंहून जड, गोळी न भेदणारी पाटी बसवावी लागली. आणि २०२२ मध्ये शेजारच्या ग्रीनवुडच्या कोर्टात, तळघरातल्या खोक्यात, दुकानातल्या त्या बाईच्या नावचं १९५५ चं अटक वॉरंट मिळालं, कधीच न बजावलेलं. ग्रँड ज्यूरीने तरीही खटला भरायला नकार दिला, आणि बाई २०२३ मध्ये वारल्या. म्हणजे कोर्टाच्या इमारतींत काय काय पडून असतं बघा.

२५ जुलै २०२३ ला, एमेट असता तर त्या दिवशी ८२ वर्षांचा झाला असता, समनरचं कोर्ट, नदीकाठची ती जागा आणि एमेटचा अंत्यविधी झाला ते शिकागोचं रॉबर्ट्स टेम्पल चर्च ही तीन ठिकाणं मिळून राष्ट्रीय स्मारक जाहीर झालं. शिकागोकर मंडळींना तर यातलं एक ठिकाण आपल्याच गावात आहे.

आता बैठकीतले आक्षेप.

‘सहलीत लहान मुलं असतात.’ हो, आणि ती मुलं इथल्या शाळेत हे शिकतात. माहिती नसते ती आईवडिलांना. एमेट चौदाचा होता, आपल्या बसमधल्या मागच्या सीटवरच्या पोरांएवढा. झेपणार नाही इतक्या लहानांना खाली चौकात खेळू द्या.

‘आपला काय संबंध?’ हा आक्षेप मला सर्वांत जास्त खटकतो, कारण तो नेहमी सर्वांत शिकलेला माणूस घेतो. संबंध असा की भारतीयांना इथे मोठ्या संख्येने येऊ देणारा इमिग्रेशन कायदा १९६५ चा, आणि काळ्यांना मतदानाचा हक्क मिळवून देणारा कायदाही १९६५ चा. दोन्ही नागरी हक्क चळवळीच्या एकाच लाटेने किनाऱ्याला लागले. त्याआधी, १९२३ मध्ये, भगतसिंग थिंद यांच्या खटल्यात इथल्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं होतं की भारतीय माणूस गोरा नाही, सबब त्याला नागरिकत्व नाही. १९६४ मध्ये राममनोहर लोहिया मिसिसिपीतच, जॅक्सनला, गोऱ्यांसाठी राखीव उपाहारगृहात शिरू लागले तेव्हा पोलिसांनी त्यांना धरून गाडीत घातलं. खासदार होते तेव्हा ते. १९५५ च्या त्या कोर्टात आपण गेलो असतो तर कुठल्या बाकावर बसवलं असतं, हे तिथे बसल्यावर आपोआप मनात येतं. आणि १९७२ मध्ये मुंबईत तरुणांनी ‘दलित पँथर’ हे नाव कुठून घेतलं ते मी मराठी माणसांना सांगायला नको. इथून भारतात गेलेलं आपल्याला चालतं. मग इथे येऊन राहिल्यावर त्याची जागा बघायला काय हरकत आहे?

‘तिथे बघायला आहे काय?’ एक दालन. तेवढंच आहे. फोटोला पार्श्वभूमी म्हणून ग्रेसलँड जास्त बरं.

राहिली व्यवस्था. कोर्टासमोरच एमेट टिल इंटरप्रिटिव्ह सेंटर आहे. त्यांना आधी कळवलं तर ते कोर्टाचं दालन दाखवतात आणि माफीचा ठराव तिथेच बसून वाचायला देतात. कामकाज चालू असेल त्या दिवशी वर जाता येत नाही, तेव्हा तारीख ठरवण्याआधी विचारा, बस गावात शिरल्यावर नव्हे. गावात शंभर माणसांच्या जेवणाची सोय होईल अशी आशा धरू नका. मेम्फिसहून पोळीभाजी बांधून घ्या किंवा वाटेत क्लार्क्सडेलला जेवा, तिथे ब्लूजचं संग्रहालयही आहे, म्हणजे गाण्याची हौस असणारेही खूश. जुलै-ऑगस्टात डेल्टात, म्हणजे या कापूसपट्ट्यात, उकाडा मरणाचा असतो, ऑक्टोबर उत्तम. तेव्हा रस्त्याच्या दुतर्फा कापूस फुटलेला असतो आणि विदर्भ-मराठवाड्यातली मंडळी बस थांबवायला लावतात, त्याला अर्धा तास धरा.

ज्या मंडळाला यायचं असेल त्यांच्यासाठी मेम्फिसहून पुढे वाट दाखवायला मी सोबत येईन. सीटचे पैसे देईन.

कळावे, लोभ असावा.

आपला,
मेम्फिसचा एक मराठी रहिवासी